एका घासाचे दोन वाटे

लाकडी फळ्यांचं एक कुंपण आणि त्याच्या कडेला मोकळ्या जागेत उघड्यावर झोपलेला एक माणूस. डोक्यावर छप्पर नाही आणि आडोसा म्हणून एवढं कुंपणच. पण कुंपणाला एक भोक आहे आणि त्यातून वारा येतोय. माणूस झोपमोड झाल्यासारखा हलतो, भोकात कापड कोंबतो, आणि आता कसं बरं झालं, अशा समाधानानं पुन्हा आडवा होतो.

चार्ली चॅप्लिनचा ‘अ डॉग्ज लाइफ’ असा सुरू होतो. १४ एप्रिल १९१८ला तो प्रदर्शित झाला. तीन रिळांचा मूकपट, म्हणजे जेमतेम अर्ध्यापाऊण तासाचा. चॅप्लिनचं नाव निघालं की लोक पटकन त्याच्या पुढच्या, मोठ्या चित्रपटांकडे वळतात आणि हा राहून जातो. त्याचं वाईट वाटतं, कारण गरिबी आणि सोबत या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतवायच्या, हे चॅप्लिनला इथे पहिल्यांदा पूर्ण उमगलेलं दिसतं. फ्रेंच समीक्षक लुई देल्यूकनं तर सिनेमातली पहिली परिपूर्ण कलाकृती म्हणून याच चित्रपटाकडे बोट दाखवलं होतं.

त्या भोकाच्या विनोदाकडे जरा थांबून पाहायला हवं. ज्याला घर नाही तो माणूस घर असल्यासारखा वागतो आहे. खिडकीची फट बुजवावी तशी तो कुंपणाची फट बुजवतो. त्याच्या दारिद्र्याला कुणी हसत नाही. हसू येतं ते त्याच्या टापटिपीचं, आणि ती टापटीप आपल्या घरातलीच असते. चॅप्लिनचा भटक्या, म्हणजे पडद्यावरचा हा चार्ली, कधी केविलवाणा होत नाही, त्याचं कारण हेच. हॅट फाटकी असेल, पण ती उचलून नमस्कार करायची पद्धत त्यानं सोडलेली नाही.

या चित्रपटाची मांडणी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. चार्ली एकटा असतो तेव्हा त्याचं काहीच जमत नाही. कुंपणापलीकडे एक खाद्यविक्रेता उभा आहे. चार्ली फटीतून हात घालून सॉसेज लांबवायला जातो, तोच पोलीस उभा ठाकतो आणि हातातोंडाशी आलेला घास परत करावा लागतो. मग कुंपणाखालून या बाजूला लोळ, त्या बाजूला लोळ, असा पाठलाग. अंग वाचतं, पोट रिकामंच राहतं.

मग रोजगार कचेरी. बाकावर बेकारांची रांग बसली आहे. बिअरच्या कारखान्यात माणसं हवीत असं कळतं, खिडकी उघडते आणि सगळे तिकडे धावतात. चार्ली आधी उठतो तरी धडधाकट लोक त्याला मागे सारतात. खिडक्या दोन आहेत. एकीकडे पोचावं तर तिथलं काम दुसऱ्याला मिळालेलं, म्हणून दुसरीकडे घसरत जावं, तर तिथेही कुणीतरी आधीच उभा. असं येरझारा घालता घालता दोन्ही खिडक्या बंद होतात आणि तो मोकळ्या खोलीत एकटा उरतो. या प्रसंगाचं सगळं यंत्र अंतरावर चालतं. बाकापासून खिडकी किती पावलांवर आहे आणि एका खिडकीपासून दुसरी किती, यावर सगळी गंमत उभी आहे. अंतर एक पाऊल कमी असतं तर त्याला काम मिळायला हवं होतं असं वाटलं असतं. दोन पावलं जास्त असती तर तो मूर्खासारखा धावतोय असं वाटलं असतं. चॅप्लिन ते असं बेततो की प्रत्येक वेळी काम मिळणं शक्य दिसतं आणि प्रत्येक वेळी ते थोडक्यात निसटतं. बेकारी म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ कुणी मांडलेलं आठवत नाही.

याच्याच शेजारी चॅप्लिन दुसरा प्रसंग ठेवतो. रस्त्यावर स्क्रॅप्स नावाचं एक मरतुकडं कुत्रं खाण्याच्या एका तुकड्यापाशी आहे आणि गल्लीतली बाकीची कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. खिडकीवर माणसांची जशी झुंबड उडाली होती, तशीच ही. हे दोन्ही एकच आहे असं सांगणारी मजकुराची पाटी चॅप्लिन पडद्यावर घालत नाही. हालचाल सारखी ठेवतो आणि बाकीचं आपल्यावर सोडतो. फरक एकच घडतो. कचेरीत चार्लीच्या मदतीला कुणी आलं नव्हतं. इथे चार्ली त्या झुंडीत घुसतो, स्क्रॅप्सला उचलतो आणि पळत सुटतो. बाकीची कुत्री त्याच्या मागे लागतात आणि एक तर त्याच्या विजारीलाच लटकतं.

इथून पुढे तो एकटा नाही, आणि विनोदाची घडणच बदलते. आता प्रत्येक गंमत करायला दोन शरीरं लागतात.

दुधाची बाटली घ्या. काचेची, अरुंद गळ्याची. तळाशी थोडं दूध आहे, पण कुत्र्याचं तोंड बाटलीत जात नाही. चार्ली विचार करतो, कुत्र्याची शेपटी बाटलीत बुडवतो, बाहेर काढतो आणि तीच त्याच्या तोंडाशी धरतो. कुत्रं चाटतं. पुन्हा बुडवायची, पुन्हा चाटायची. यात कुठेही मायेची पाटी नाही, डोळ्यांत पाणी नाही, कुरवाळणं नाही. एक अडचण आहे आणि ती सोडवायचं साधन त्या कुत्र्याच्याच अंगावर आहे. भुकेल्या माणसाच्या हाती दूध लागलंय आणि ते दुसऱ्याच्या पोटात कसं जाईल याची खटपट तो करतोय, एवढं दिसलं की बाकी काही सांगावं लागत नाही.

‘ग्रीन लँटर्न’ नावाच्या नाचगाण्याच्या अड्ड्यात कुत्र्यांना मज्जाव आहे. चार्ली स्क्रॅप्सला सरळ आपल्या विजारीत कोंबतो. ती ढगळ विजार १९१४पासून त्याच्या अंगावर आहे, पण तिचा इतका सरळ उपयोग क्वचितच झाला असेल. मागच्या बाजूला भोक आहे, त्यातून कुत्र्याची शेपटी बाहेर येते. चार्ली वादकांपाशी पाठ करून उभा राहतो आणि ती शेपटी मोठ्या ढोलावर आपटू लागते. ढोल वाजतोय, वाजवतंय कोण कळत नाही, वादक चक्रावलेला. मूकपटात आवाज नसताना हे आपल्याला ऐकू आल्यासारखं वाटतं, ही चॅप्लिनची करामत. माणूस कुठे संपतो आणि कुत्रं कुठे सुरू होतं, तेही त्या क्षणी सांगता येत नाही.

त्या अड्ड्यात गाणारी एक मुलगी आहे, एडना पर्व्हियन्स. तिनं हसावं, डोळे मोडावेत, म्हणजे गिऱ्हाइकं जास्त पितील, अशी मालकाची अपेक्षा. तिला ते जमत नाही. ती चार्लीकडे पाहून डोळा मिचकावते, तर त्याला वाटतं हिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. ती एक दुःखी गाणं गाते आणि सगळा अड्डा रडू लागतो. हेन्री बर्गमन हा चॅप्लिनच्या तालमीतला लठ्ठ, हरहुन्नरी नट इथे बाईच्या वेषात आहे, आणि त्या बाईच्या अश्रूंच्या अक्षरशः धारा उडतात. गाणं आपल्याला ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यांवर काय परिणाम झाला तेवढं दिसतं, आणि तेवढं पुरतं.

अड्ड्याच्या मालकाच्या भूमिकेत ग्रॅनव्हिल रेडमंड आहे. तो पेशानं नट नव्हता, चित्रकार होता. कॅलिफोर्नियातली पॉपीच्या फुलांनी भरलेली माळरानं रंगवण्यासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं. लहानपणी आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली होती. चॅप्लिनची आणि त्याची मैत्री होती, चॅप्लिननं त्याला स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली होती, आणि हातांच्या खुणांनी बोलणं चॅप्लिन त्याच्याकडून शिकला. आवाजाशिवाय माणसाचं सगळं बोलणं पोचवणाऱ्या कलेला एका बहिऱ्या मित्राकडून काय मिळालं असेल, याचा हिशोब कुणी मांडू शकणार नाही. पण या चित्रपटातले हात बघताना रेडमंडची आठवण ठेवावी, असं मनापासून वाटतं.

हातांकडे येण्याआधी खाण्याच्या गाडीकडे जायला हवं, कारण या चित्रपटातलं सर्वांत बारकाईचं काम तिथे आहे. गाडीवाला आहे सिडनी चॅप्लिन, चार्लीचा थोरला सावत्र भाऊ. फळीवर छोट्या केकचं ताट. गाडीवाला पाठ वळवतो, चार्ली एक केक अख्खाच तोंडात टाकतो. गाडीवाला वळून पाहतो, चार्लीचा जबडा थबकलेला, चेहरा देवळात उभा असल्यासारखा. पुन्हा पाठ, पुन्हा केक. ताट रिकामं होत जातं आणि गाडीवाल्याचा संशय वाढत जातो, पण पुरावा काही सापडत नाही.

करून बघायला हा प्रसंग फार अवघड आहे. अख्खा केक गिळायला वेळ लागतो, आणि कुणी बघत असताना चावता येत नाही. म्हणजे घास तोंडात आणि चेहरा रिकामा, अशी दोन कामं एकाच वेळी. त्याहून अवघड काम सिडचं. तो लवकर वळला तर चोरी पकडली जायलाच हवी होती असं प्रेक्षकाला वाटतं, उशिरा वळला तर धोकाच उरत नाही. आणि तो मुद्दाम वेळ देतोय असं एकदा जरी जाणवलं तरी सगळं कोसळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक वळण्याला स्वतःचं असं कारण दिसावं लागतं, आणि ते सिड देतो. हे दोन अनोळखी नटांना तालमीनं साधलं असतं की नाही, शंका आहे. दोघे इंग्लंडमधल्या फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत मुरलेले होते. आधी सिड तिथे गेला आणि १९०८मध्ये त्यानंच धाकट्याला आत नेलं.

त्याआधीचीही एक सोबत आहे. १८९६मध्ये आई हॅनाला दोन मुलांसह लंडनच्या लॅम्बेथमधल्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात दाखल व्हावं लागलं. चार्ली सात वर्षांचा, सिड अकराचा. तिथून मुलांना हॅनवेलच्या शाळेत पाठवलं गेलं आणि पुढे सिड जहाजावर प्रशिक्षणाला गेला. ज्यांनी मोजून मिळणारं अन्न खाल्लं, ते दोघे बावीस वर्षांनी ताटातले केक मोजण्याचा खेळ मांडतात. या प्रसंगात भूक नुसती सांगितलेली नाही. ताटात किती होते, किती उरले, तोंडात किती मावतात, असं तिचं माप घेतलेलं आहे. ज्यानं भूक काढली आहे त्यालाच ती अशी मोजता येते.

या चित्रपटाचं पैशाचं गणित सिडनंच जमवलं होतं. १९१७च्या मध्याला फर्स्ट नॅशनल या वितरक संस्थेशी करार झाला: आठ चित्रपट, दहा लाख डॉलर, शिवाय सहीचे पंचाहत्तर हजार. दर चित्रपटाला सव्वा लाख डॉलर आगाऊ मिळणार आणि निर्मितीचा खर्च चॅप्लिननं त्यातूनच करायचा. त्या बळावर हॉलिवूडमध्ये ला ब्रिया आणि सनसेट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यानं स्वतःचा स्टुडिओ बांधला. रस्त्याकडून पाहिलं तर इंग्लंडमधल्या खेड्यातल्या घरांची ओळ वाटावी, असा. १९१८च्या जानेवारीत तिथे पहिल्यांदा कॅमेरा फिरला तो याच चित्रपटासाठी. स्वतःचा स्टुडिओ म्हणजे वेळ स्वतःचा. संहिता लिहून मग चित्रण, अशी चॅप्लिनची पद्धत नव्हती. सेट उभारायचा, नटांना आणायचं आणि कॅमेऱ्यासमोरच प्रसंग घडवत जायचा. जमलं नाही तर मोडायचा आणि पुन्हा मांडायचा. वर्षाला बारा चित्रपट देण्याच्या आधीच्या करारात हे इतक्या निवांतपणे करता येत नव्हतं.

कुत्रं निवडायलाही वेळ घेतला. डॅक्सहुंड, पॉमेरेनियन, पूडल, बुलटेरियर अशा जातिवंत कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि एकही पसंत पडलं नाही. पाळलेली कुत्री फार खाऊनपिऊन सुखी असतात, हाडाची किंमत कळणारं कुत्रं हवं, अशी चॅप्लिनची तक्रार होती. मग भटकी कुत्री धरून ठेवतात तिथून कुत्री आणली गेली. भुंकण्यानं शेजारी वैतागले. त्या घोळक्यातून स्क्रॅप्सच्या भूमिकेसाठी मट नावाचा कुत्रा निवडला गेला: पांढुरका, तपकिरी ठिपक्यांचा, कुठल्याच जातीचा नाही असा. निवड किती अचूक होती ते पडद्यावर दिसतं. शिकवलेलं कुत्रं काम पूर्ण करून शाबासकीची वाट पाहतं. मट तसं काही करत नाही, तो नुसता तिथे असतो.

स्टुडिओच्या किरकोळ खर्चाच्या नोंदीत मटच्या नावावर साठ सेंटची व्हिस्की आहे. चार्ली त्याला उशाशी घेऊन झोपतो त्या प्रसंगात तो इतका गाढ निजलेला दिसतो, त्यामागे ही व्हिस्की असावी असं चरित्रकार मानतात. आज कुठल्याही सेटवर हे चालणार नाही आणि चालूही नये. तो प्रसंग कितीही आवडला तरी हे कळल्यावर तो पूर्वीसारखा निर्मळ राहत नाही. चित्रपट पुरा होताच चॅप्लिन युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचारासाठी मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या चित्रपट कलाकारांबरोबर दौऱ्यावर निघाला, आणि तो नसताना, २९ एप्रिलला मट मेला. मालकाच्या विरहानं खाणं सोडलं, असं स्टुडिओतल्या लोकांचं म्हणणं. त्यांनी त्याला आवारातच पुरलं आणि वर तशी पाटीही लावली.

आता हात. दोन चोरांनी एका श्रीमंत दारुड्याचं पाकीट मारलंय आणि ते नेमकं चार्लीच्या झोपायच्या जागी पुरलंय. अड्ड्यातून हाकलला गेलेला चार्ली तिथे येऊन झोपतो आणि स्क्रॅप्स जमीन उकरून पाकीट बाहेर काढतो. पैसे घेऊन चार्ली एडनाकडे परततो, चोर ते पाहतात आणि हिसकावून घेतात. दोघे चोर मागच्या कापडी पडद्याला लागून टेबलाशी बसलेत: अल्बर्ट ऑस्टिन आणि बड जेमिसन. चार्ली पडद्यामागून ऑस्टिनच्या डोक्यात हाणतो. ऑस्टिन बेशुद्ध. चार्ली त्याच्या काखांखालून स्वतःचे हात पुढे काढतो आणि आता ऑस्टिनचा चेहरा आणि चार्लीचे हात मिळून एक तिसराच माणूस तयार होतो. समोरच्या जेमिसनला काही कळत नाही. हात खुणा करतात, पैशाच्या वाटणीची बोलणी करतात, पेला उचलतात, मिशीवरचा फेस पुसतात. मग बोटानं जेमिसनला ‘जरा जवळ ये’ म्हणून बोलावतात. तो पुढे झुकतो आणि त्याच्या डोक्यात बाटली बसते.

हे कसं साधतं, ते सुटं करून पाहण्यासारखं आहे. पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा समोर, टेबलाच्या उंचीवर आणि स्थिर. मध्ये सारखा तुकडा जोडला असता तर हातचलाखीचा संशय आला असता. ऑस्टिनचं काम काहीच न करण्याचं, आणि तेच सर्वांत कठीण. समोरचा नट झुकतो, डोक्यावरून हात फिरतो, तोंड पुसलं जातं आणि तरी पापणी हलता कामा नये, मानेचा भार मात्र अगदी बेताचा हवा, नाहीतर हातांनी मान सावरलेली दिसते. चार्लीचा चेहरा पडद्याआड, म्हणजे जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा त्यानं आपण होऊन बाजूला ठेवलाय. आणि हातांना समोरचं फारसं दिसत नाही. पेला कुठे आहे, मिशी कुठे आहे, हे चाचपून, पण चाचपल्याचं दिसू न देता करायचं. हात फार सफाईदार झाले असते तर ती कसरत झाली असती. इथे त्यांची गती बसलेल्या, थोड्या प्यायलेल्या, आपल्या वाट्यासाठी हटून बसलेल्या माणसाची आहे. म्हणून जेमिसन फसतो आणि त्याचं फसणं आपल्याला पटतं.

पाकीट मूळ मालकाला परत जात नाही, हे काही जणांना खटकतं. चार्ली आणि एडना त्याच पैशावर संसार मांडतात. मला त्यात चॅप्लिनची नजरचूक वाटत नाही. त्या श्रीमंत माणसाला चित्रपटात एका झुलत्या दारुड्यापलीकडे अस्तित्वच नाही. पाकीट गेल्यानं त्याचं काय अडलं, हे आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते एवढंच की काम मागणाऱ्यासाठी दोन्ही खिडक्या बंद झाल्या होत्या. सोबतीनं पोट भरतं असा दिलासा हा चित्रपट देत नाही. कुत्रं बरोबर असतानाही पैसे नाहीत म्हणून चार्लीला अड्ड्यातून हाकललंच जातं. नशीब उकरून निघावं लागतं. पण ते उकरायला त्याच्याजवळ चार पाय होते.

शेवटी स्वप्न खरं होतं: शेत, झोपडी, चुलीशी एडना. मोठी गवती हॅट घातलेला चार्ली सऱ्यांमधून चाललाय. बोटानं मातीत भोक पाडतो, त्यात एक बी टाकतो, पुढे सरकतो, पुन्हा एक भोक, एक बी. आपल्याकडे टोकण पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात चूक काढता येणार नाही, फक्त एवढ्या मोठ्या शेताला एकट्याचं एक बोट पुरणार नाही हे लगेच कळेल. मग दोघं पाळण्यावर वाकतात. आपल्याला वाटतं बाळ असेल. पाळण्यात स्क्रॅप्स आहे आणि सोबत पिल्लं. तीन वर्षांनी चॅप्लिननं एका अनाथ मुलाला भटक्याच्या पदरात टाकून ‘द किड’ केला. त्यातल्या जेवणाच्या वाटणीचे आणि फाटक्या पांघरुणाचे प्रसंग बघताना त्यांचं मूळ इथे सापडतं.

हा चित्रपट बघायचा तर वेगाचं भान ठेवावं लागतं. सगळा घोळ तिथेच होतो. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. हा चित्रपट साधारण २,७०० फुटांचा. सोळाच्या वेगानं तो ४५ मिनिटं चालेल, अठराच्या वेगानं ४०, विसाच्या वेगानं ३६ आणि बोलपटाच्या चोवीसच्या वेगानं जेमतेम ३० मिनिटं. विनोदी चित्रपट चित्रणापेक्षा थोड्या जास्त वेगानं दाखवण्याचीच तेव्हा रीत होती आणि चॅप्लिन ते गृहीत धरून हालचाली बेतायचा. पण पुढे दूरचित्रवाणीवर आणि स्वस्त प्रतींत मूकपट सरसकट चोवीसनं पळवले गेले, आणि जुनी माणसं टुणटुण उड्या मारत चालायची असा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा झाला. त्या वेगात केक गिळतानाचा थबकलेला जबडा दिसतच नाही.

उलटी चूकही आहे. १९५९मध्ये चॅप्लिननं या चित्रपटासह तीन जुने चित्रपट एकत्र करून ‘द चॅप्लिन रेव्ह्यू’ काढला आणि त्याला स्वतःचं संगीत दिलं. संगीत सुरेख आहे. पण जुनी गती ध्वनिपट्टीच्या वेगाशी जुळवायला मधल्या मधल्या फ्रेम दोनदा छापल्या गेल्या. सोळाच्या चोवीस करायच्या तर दर दुसरी फ्रेम पुन्हा छापावी लागते. त्यानं लांबी जुळते, पण हालचालीला बारीक ठेचा लागतात. हातांच्या प्रसंगात त्या विशेष बोचतात.

प्रतींत आणखी एक फरक असतो. स्टुडिओत दोन कॅमेरे शेजारी शेजारी चालायचे: एक रोली टोथेरोचा, दुसरा जॅक विल्सनचा. एकाची निगेटिव्ह अमेरिकेसाठी, दुसऱ्याची परदेशासाठी. त्यामुळे दोन प्रतींत कोन किंचित वेगळा दिसतो. चेहरे फार पांढरे आणि ओठ काळे दिसतात तो मात्र प्रतीचा दोष नाही. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग काळा दिसायचा आणि निळा पांढरा, म्हणून आकाशही कोरं असतं. अड्ड्याच्या आतलं चित्रणही उघड्या रंगमंचावर, वर पांढरं कापड ताणून, गाळलेल्या उन्हात झालेलं आहे. त्याच १९१८ साली नाशिकला दादासाहेब फाळके हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत ‘श्रीकृष्णजन्म’ची खटपट करत होते, तीही हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर आणि सूर्याच्याच भरवशावर.

तेव्हा प्रत घेताना लांबी आधी बघावी. तीस मिनिटांच्या आसपासची असेल तर ती बहुधा पळवलेली. पस्तीस ते चाळीसमधली, कडा न कापलेली, चौकोनी चौकटीची असेल तर ती निवडावी. मूळ मूकपट अमेरिकेत केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झालाय, त्यामुळे आंतरजालावर त्याच्या शेकडो खराब प्रती फिरतात आणि कुणीही त्यांना कुठलंही वाजवणं जोडतं. संगीत नकोसं असेल तर आवाज सरळ बंद करावा. मुलांना दाखवायचा असेल तर पाट्या थोड्याच आहेत, त्या मराठीत मोठ्यानं वाचून दाखवाव्यात. रोजगार कचेरीच्या प्रसंगाआधी एवढं सांगून ठेवावं की खिडकीशी जो पहिला पोचेल त्यालाच काम मिळणार आहे. बाकी काही समजवावं लागत नाही.